टाकीतला गंज

११ फेब्रुवारी
अतिथीगृह, दुसरा मजला

ताई,

तू फोन ठेवलास म्हणून लिहितेय. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. कागदाला तोडता येत नाही, फार तर फाडता येतो.

नमुना ठेवायचा होल्डर मी धुतला होता, हे आधी सांगून टाकते. तू विचारलंस अशा सुरात, जणू मी खरकट्या हातांनी तुझ्या पापुद्र्याला हात लावला. धुतला, वाळवला, पुन्हा मोजला. लोखंड तिथेच आहे.

मला इथे पाठवलंस तूच. नव्या दमाच्या संशोधकांना मोठी यंत्रं हाताळायला शिकवायची, म्हणजे त्यातून काहीतरी नवं निघेल, अशी ही योजना. तिच्या निवड समितीत तू बसतेस. माझ्या अर्जाची पाळी आली तेव्हा म्हणे तू उठून बाहेर गेलीस. नियमाला धरून वागलीस. निघताना मात्र माझ्या पिशवीत तुझ्या पाणी गाळायच्या पापुद्र्याचे तुकडे टाकलेस आणि म्हणालीस, सरावाला काहीतरी लागेलच, एखादा देखणा फोटो काढून आण, कंपनीच्या पुस्तिकेत टाकू.

ही इमारत बाहेरून क्रीडांगणासारखी गोल आहे. आत इलेक्ट्रॉन गोल गोल पळत असतात आणि वळणावर त्यांच्यातून क्ष-किरण सुटतात. किरणांच्या एकेका वाटेला इथे लाइन म्हणतात. आमची लाइन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे लाइनवाल्या बाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. सुरुवातीला कित्येक दिवस बाईंनी आम्हाला नुसता रिकामा होल्डर मोजायला लावला. एक मुलगा कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या, नमुना नसताना काय दिसतं ते आधी बघा, काही लोक जन्मभर स्वतःचाच होल्डर मोजत बसतात आणि त्याला शोध म्हणतात. सगळे हसले. मीही हसले.

मग मी आपल्या बोअरच्या पाण्यात मुरवलेला तुझा पापुद्रा किरणांसमोर ठेवला. तू जगाला सांगतेस की पाण्यातलं आर्सेनिक हा पापुद्रा धरून ठेवतो. ताई, पापुद्रा काहीच धरत नाही. आर्सेनिक बसलंय गंजावर. पापुद्रा आपला फडक्यासारखा गंज वागवतोय. आणि गंज आला असणार तुझ्या जुन्या प्रयोगशाळेतल्या त्या लोखंडी टाकीतून, जी आतून सोलवटली होती आणि जिच्यात तू पहिल्यापासून पापुद्रे बनवलेस. लोखंड तुला तेव्हाही दिसलं होतं, पण तू ते पाण्यातला गाळ म्हणून सोडून दिलंस. मीसुद्धा सोडून दिलं असतं.

फोनवर मी एवढंच विचारलं की नव्या कारखान्यातल्या टाक्यांना आतून काचेचा मुलामा आहे, तिथे गंज कुठून येणार? त्यावर तू म्हणालीस, "शिकायला गेलीयस तर शीक." आणि फोन ठेवलास.

शिकतेच आहे.

तुझी बारकी


२ मार्च

ताई,

बाईंनी त्यांचा स्वतःचा प्लॅस्टिकचा होल्डर दिला. कपाटाच्या कुलपातला, कुणाला देत नाहीत तो. निकाल तोच.

नव्या कारखान्यातला एक तुकडा पाठव म्हणून मी निरोपावर निरोप ठेवले. तुझ्या ऑफिसातून उत्तर आलं, मॅडम दौऱ्यावर आहेत. सख्ख्या बहिणीची मॅडम झाली हे मला त्या मुलीकडून कळलं. बिचारी फार गोड बोलते, तिला रागावू नकोस.

मग सुट्टीच्या दिवशी मी घरी गेले. आईच्या ओट्याखाली तुझा फिल्टर आहे ना, नोव्हेंबरात तू जुना काढून बसवून दिलेला नवा, पांढराशुभ्र, कारखान्यातल्या पहिल्या खेपेतला. त्याच्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक आईने अजून सोललेलं नाही. खराब होईल म्हणते. मी पाना घेऊन ओट्याखाली बसले, तेव्हा ती नुसती बघत उभी राहिली.

"ताईला विचारलंस?" ती म्हणाली.

मी म्हटलं, विचारतेय, पण ती उत्तर देत नाहीये.

"मग मलाही विचारलं नव्हतंस असं धरून चालू," असं म्हणून तिने बादली नळाखाली सरकवली आणि गळणारं पाणी संपेपर्यंत धरून ठेवली. तिच्या गुडघ्यांचं तुला माहीतच आहे. जाताना मी तिला बाटल्यांमधलं पाणी आणून दिलं आणि सांगितलं, काही दिवस हेच पी.

त्या फिल्टरमधला पापुद्रा काल लाइनवर ठेवला. त्यात लोखंड नाही. आणि आर्सेनिकही नाही म्हणण्याइतकंच आहे. आपलं बोअर तुला माहीत आहे. बाबांचे तळहात तुला माहीत आहेत, शेवटी शेवटी खडीसारखे झाले होते, त्यांचा हात हातात घेतला की आपल्यालाच टोचायचं. त्या तळहातांमुळे तू या कामात पडलीस हे तू प्रत्येक भाषणात सांगतेस, आणि ते खरं आहे, मला माहीत आहे. त्याच बोअरचं पाणी नोव्हेंबरपासून या पापुद्र्यातून गेलं. पापुद्र्यात आर्सेनिक राहिलेलं नाही. मग ते कुठे गेलं ते तूच सांग.

तुझ्या हातचा जुना फिल्टर ओबडधोबड होता, ठिबकायचा, पण चालत होता. नवा चालत नाही. कारखाना थांबव. मी कुणाला काही बोललेले नाही. हे तुझं तू दुरुस्त कर, माझं नावही घेऊ नकोस. मला काही नको.

उत्तर दे.

बारकी


२४ मार्च
आईच्या घरून

ताई,

तुझं उत्तर समितीच्या शिक्क्यानिशी मिळालं.

परवानगी नसलेला नमुना लाइनवर ठेवणे. कंपनीची मालमत्ता ताब्यात घेणे. आईच्या ओट्याखालचा फिल्टर कंपनीची मालमत्ता आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. तिला वाटत होतं, लेकीने दिलाय.

नमुन्याच्या रकान्यात मी ‘पापुद्रा, वरीलप्रमाणे’ असं लिहिलं होतं. तो वरीलप्रमाणे नव्हता. तेवढं माझ्याकडून झालं आणि तुला तेवढंच पुरलं. या खेपेला बैठकीतून उठून बाहेर गेली नव्हतीस असं कळलं.

माझ्या काढून टाकण्यावर बाईंना सही करावी लागली. किरणांचा हिशोब ठेवणारा तो बिल्ला छातीवरून काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. बाकीची मुलं एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागली. बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "न सांगता नमुना ठेवलास, ते चुकलंच. त्यावर मी सही केली. तुझ्या आकड्यांबद्दल मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिथेही केली असती."

विद्यापीठातली माझी जागा या योजनेवर टेकलेली होती. ती गेली. सध्या एका खासगी प्रयोगशाळेत आलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. काम वाईट नाही. कुणी फोटो मागत नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. घरी आले तर ओट्याखाली पुन्हा नवा फिल्टर. मी काढून नेल्यावर तू माणूस पाठवून दुसरा बसवलास. तोही त्याच कारखान्यातला. मी आणलेल्या बाटल्या दाराआड तशाच, बूचसुद्धा न उघडलेल्या.

मी आईवर आवाज चढवला. ती पेला विसळत होती. म्हणाली, "ताईचा माणूस दारात उभा राहिला. त्याला परत पाठवते तर ती काय समजली असती? तुमच्या भांडणात माझं पाणी कशाला आणता?" आणि माझ्यासमोर पेला भरून प्यायली. सगळा.

मला वाटतं, तुझ्यावर विश्वास होता म्हणून ती प्यायली नाही. तुझा अपमान होऊ नये म्हणून प्यायली. तुला त्यातला फरक कळतो का, मला शंका आहे.


१७ एप्रिल

ताई,

आज नदीपलीकडच्या शाळेत जाऊन आले. वकिलाची नोटीस पाठवायची तर या पत्राच्या आधाराने पाठव, तुझी शोधाशोध वाचेल.

कंपनीचे पहिले फिल्टर त्या शाळेत बसले हे मी तुमच्याच पुस्तिकेत वाचलं. देखणा फोटो तुम्हाला मिळाला म्हणायचा. व्हरांड्यात नळांची रांग आहे, वर तुझा हसरा चेहरा चौकटीत, आणि खाली मुलं ओंजळीने पाणी पितात. मुख्याध्यापिका कडक आहेत. मला त्यांनी बसा म्हटलं नाही. मी कोण, कुठून आले, कुणी पाठवलं, सगळं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. धाकटी बहीण आहे, तिच्याच योजनेतून काढून टाकलेली, आणि या नळांना जे पाणी येतं ते गाळलं जात नाही.

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या की तुमच्या ताईंनी स्वतः येऊन फीत कापली, मुलांसोबत पाणी प्यायल्या, त्यांच्याबद्दल असं बोलायला तुम्हाला काही वाटत नाही का?

काय सांगू? म्हटलं, वाटतं.

नळ बंद करणं त्यांच्या हातात नाही, वरून लेखी यावं लागतं. वरती लेखी द्यायचं तर आकडे लागतात. माझे आकडे रद्द झालेले आहेत, कारण नमुना जाहीर केलेला नव्हता. गोल गोल फिरतंय सगळं, त्या इमारतीसारखं. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. फाटकापाशी वळून पाहिलं तर त्या स्वतः नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पाणी पीत नव्हत्या, नुसतं हातावरून जाऊ देत होत्या.

नंतर कळलं की त्यांनी मुलांना घरून पाणी आणायला सांगितलं. काही घरांतून आलं, काही घरांतून नाही. ज्यांच्या घरी तेच बोअर आहे, त्यांनी आणून तरी काय करायचं?

तुला अजून वेळ आहे.


८ सप्टेंबर

ताई,

जुलैत तुझी माणसं शाळेत येऊन गेली. आईकडेही आली. वार्षिक सर्व्हिसिंग म्हणाली आणि सगळे फिल्टर बदलून गेली. नवे चालतात. मी माझ्या प्रयोगशाळेत पाणी तपासून पाहिलं, उत्तम चालतात. आता कारखान्यातल्या टाक्यांमध्ये लोखंडाचा क्षार मोजून टाकता म्हणे. गंज मुद्दाम आणता. त्याचं वेगळं पेटंट घेतलंस हेही वाचलं.

खोटं नाही सांगत, त्या दिवशी मी सुटकेने रडले. चालतात म्हणून. बाकीचं नंतर आठवलं.

काल तुझं व्याख्यान ऐकायला आले होते. तू मला पाहिलंस. मागची रांग, खांबाशेजारी. नवीन तुकडीसमोर तू दाखवलंस की या योजनेतून, या लाइनवरून, पापुद्र्यातलं लोखंडाचं काम कसं उजेडात आलं. पडद्यावरची आकृती माझी होती, ताई. उजव्या कोपऱ्यात एक बारीक खड्डा दिसतो ना, तो मी दार लवकर उघडलं आणि किरण बंद पडले तेव्हाचा. बाई त्यावरून मला पुरेपूर बोलल्या होत्या. माझी आकृती मी कुठेही ओळखेन.

एका मुलीने विचारलं, लोखंड पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? तू पाण्याचा घोट घेतलास आणि म्हणालीस, आमच्या टीमच्या.

मी उठले. तू वाहनतळापर्यंत मागे आलीस, उंच टाचांनी, धापा टाकत. मला वाटलं आता तरी. तू म्हणालीस, "तू भांडली नसतीस तर तुझं नाव घातलं असतं."

मी म्हटलं, भांडण तुझ्या फोन ठेवण्यापासून सुरू झालं.

"कारखाना असा एका रात्रीत थांबत नाही, बारके. माणसं असतात त्यात. मी दुरुस्त केलं ना शेवटी?"

केलंस. तेही मी नाकारत नाही. मग तू नोकरीचं बोललीस. चाचणी विभाग, स्वतंत्र खोली, हाताखाली माणसं. आईलाही बरं वाटेल म्हणालीस. गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होतीस, आणि अगदी लहानपणी परीक्षेच्या सकाळी माझी वेणी घालताना जशी दिसायचीस तशी दिसत होतीस. तेवढ्यासाठी मी क्षणभर हो म्हणणार होते.

म्हणाले नाही. फिल्टर बदलायच्या आधी मुलं काय प्यायली ते शाळेला सांगितलंस का, असं विचारलं. तू म्हणालीस, आता सगळं व्यवस्थित आहे, उगाच लोकांना घाबरवायचं कशाला?

नोकरी नको.


१ डिसेंबर

ताई,

हे शेवटचं. तू पुढचं उघडशील असं वाटत नाही, आणि मलाही आता पुरे झालं.

मुख्याध्यापिकांचा फोन आला ऑक्टोबरात. फिल्टर बदलायला आलेल्या माणसांना त्यांनी विचारलं होतं, काय बिघडलं होतं? काहीच नाही, म्हणाले. काहीच बिघडलं नव्हतं तर सगळे का बदलले, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी मला विचारलं, मुलांच्या अंगात काही गेलं असेल तर ते आता कळतं का?

कळतं. आर्सेनिक रक्तातून लवकर निघून जातं, पण केसात राहतं. केस महिन्याला साधारण बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो, आणि त्या महिन्यात माणूस काय प्यायला ते त्या तुकड्यात बसून राहतं. टोकाकडून मुळाकडे वाचत यायचं.

बाईंनी स्वतःच्या वाट्याचा लाइनवरचा वेळ दिला. शाळेच्या नावाने रीतसर अर्ज केला, पालकांच्या सह्या घेतल्या, प्रत्येक नमुना जाहीर केला. या वेळी ‘वरीलप्रमाणे’ कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्या दिवशी बाईंनी मला पुन्हा रिकामा होल्डर मोजायला लावला. मी मोजला. मग त्यांनी विचारलं, मुलं अंघोळ कुठल्या पाण्याने करतात? त्याच बोअरच्या, म्हटल्यावर त्यांनी सगळे केस आडवे कापायला लावले. बाहेरून धुताना चिकटलेलं कडेला दिसतं, रक्तातून आलेलं आत. आम्ही फक्त आतलं धरलं.

शाळेतल्या बहुतेक मुलांमध्ये सापडलं. बाबांना होतं तेवढं नाही. डॉक्टर म्हणतात, लहान आहेत, पाणी बदललंय, बरीचशी सावरतील, पण वर्षानुवर्षं बघत राहावं लागेल. बघत राहायचं तर आधी त्यांना सांगावं लागेल.

आईचेही केस घेतले. मीच मागितले. ती खिडकीपाशी बसली, अंबाडा सोडला आणि म्हणाली, मागचे घे, पुढचे पांढरे आहेत. मी मुळापासून थोडे कापले. तिचे केस अजून लांब आहेत म्हणून तिचा निकाल सगळ्यात स्पष्ट आलाय. टोकाकडे, तुझ्या हातच्या जुन्या फिल्टरची सगळी वर्षं, रेषा जवळजवळ जमिनीला लागलेली. ती तुझी कमाई आहे, कुणी काढून घेऊ शकत नाही. मग नोव्हेंबरात रेषा उठते. जुलैत पडते. मध्ये, मी तुला फोन केला तिथपासून तू फिल्टर बदललेस तिथपर्यंत, अडीच पेरांएवढा केस आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मी फिल्टर काढून नेला होता ते मधले काही दिवससुद्धा त्यात दिसतात, एक बारीकशी घसरण. तेवढ्या दिवसांत तिने शेजारून, त्यांच्या विहिरीचं पाणी आणलं होतं म्हणे. मग पुन्हा वर.

गेल्या महिन्यापासून तिच्या तळव्यांना मुंग्या येतात. तुला फोनवर म्हणाली नसेल. मलाही म्हणाली नव्हती, चप्पल पायातून सुटली आणि तिला कळलं नाही तेव्हा मी विचारलं.

गुरुवारी शाळेत पालकांची सभा आहे. मी सांगणार, बाई आकडे दाखवणार. त्या म्हणाल्या, आता मला विचारलंय, आता सही करते. कंपनीबद्दल कुणी विचारलं तर मी जे आहे ते बोलेन. तू वकील पाठव, नाहीतर स्वतः ये, मला दोन्ही चालेल.

आईला मी निकाल सांगितलेला नाही. तिला ठाऊक आहे की आलाय. जेवताना माझ्याकडे बघते आणि वाढत राहते. परवा म्हणाली, तुम्ही दोघी मिळून सांगा. दोघी मिळून काही करायचे दिवस गेले, पण ते तिला माझ्याच्याने सांगवत नाही. पालकांना मी सांगेन, आईला तू सांग. बुधवारपर्यंत सांग, नाहीतर शुक्रवारी तिला शेजारणीकडून कळेल.

ती रडणार नाही. मुलांचं विचारेल, माझ्या नोकरीचं विचारेल, तू जेवलीस का विचारेल. आणि मग विचारेल, तुला हे कधी कळलं होतं?

तेव्हा खरं सांग.